खानदेशचा कापूस आणि 1991 चा गैरसमज
'1991 ला जागतिकीकरण आलं आणि आपला कापूस परदेशी भावाला बांधला गेला', हे जळगाव-धुळ्याकडे हमखास ऐकू येतं. चूक आहे. 1861 साली अमेरिकेत यादवी पेटली, कापूस पिकवणाऱ्या दक्षिणेची बंदरं अडवली गेली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना रुई मिळेना. मुंबईत भाव कडाडले आणि इथे ज्वारी-बाजरीच्या रानात कपाशी शिरली. 1865 ला युद्ध थांबलं, भाव कोसळले. सावकाराचं व्याज मात्र (ते कधी कोसळतं?) चालूच. मग समजूत आली कुठून? 1972 पासून राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी होती, म्हणजे कापूस फक्त सरकारी यंत्रणेनेच घ्यायचा. हमीचा भाव, पैसे हप्त्यांनी. त्या आडोशाला वाढलेल्यांना बाहेरचं वारं नवं वाटणारच. आडोसा गेला; आता जिनिंगवाले (कापसातून सरकी वेगळी करणारे) भाव सांगण्याआधी मोबाइलवर न्यूयॉर्कचा वायदा, म्हणजे पुढच्या महिन्यांच्या सौद्यांचा भाव, बघतात.