यात्रेची वर्गणी वेगळी, ग्रामपंचायतीचा निधी वेगळा

सातारा-सांगलीकडं चैत्रातल्या यात्रा जवळ आल्या की पारावर कुणीतरी विचारतंच, "घरपट्टी भरलीय, मग तमाशाला परत वर्गणी कशाला?" गोंधळ साहजिक आहे. सरपंच दोन्हीकडं असतात, ग्रामपंचायतीत आणि यात्रा कमिटीतही. पिशव्या मात्र दोन.

वर्गणी गावकीची, उंबऱ्यामागं, म्हणजे घरटी ठरते. समजा तमाशाच्या फडाची सुपारी, म्हणजे खेळाची ठरलेली रक्कम, २ लाख, मांडव-जनरेटर ४० हजार आणि उंबरे ८००. भागाकार ३०० चा येतो, पण जाणती कमिटी ४०० धरते. पाव घरांना एकतर कुलूप असतं, नाहीतर ती देत नाहीत. खानापूर-आटपाडीकडं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यानं परराज्यात गेलेली मंडळी यात्रेला मोकळ्या हातानं देतात खरी, पण त्या भरवशावर फड ठरवू नये. इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, पाडव्याच्या आसपास द्यावा लागतो, ही मंडळी गावात उतरतात आदल्या रात्री. इसारपावतीवर तारीख, वेळ, कलाकार किती, जेवण कुणाकडं आणि पाऊस आला तर पैशाचं काय, एवढं लिहून घ्याच. वळीव याच दिवसांत येतो आणि भांडण शेवटच्या कलमावरच होतं. रात्री १० नंतर स्पीकर बंद. वर्षातल्या ज्या मोजक्या दिवसांना बारापर्यंत सवलत असते, त्यात आपली तारीख आहे का ते सुपारी देण्याआधी बघायचं. कमिटी नोंदणीकृत नसेल तर वर्गणीला धर्मादाय कार्यालयाची कलम ४१क खाली परवानगी लागते.

ग्रामपंचायतीचा निधी मात्र कराचा आणि अनुदानाचा. यात्रेत तो टँकर, दिवाबत्ती, सफाई, फिरती शौचालयं यांवर शोभतो. पंधराव्या वित्त आयोगानं तर ६० टक्के पैसा पाणी-स्वच्छतेलाच बांधून दिला होता. स्वनिधीतून, म्हणजे ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून खर्चायचं तर अंदाजपत्रकात तरतूद, मासिक सभेचा ठराव, दरपत्रकं आणि मग बिल, हाच क्रम. मधे ३१ मार्च येतो, म्हणून चैत्राच्या यात्रेची तरतूद नव्या वर्षाच्या अंदाजपत्रकात हवी. हे हटकून विसरतं.

वर्गणी कमी पडली की सुपारीचा तुटवडा 'विद्युत रोषणाई'च्या बिलात घालायची हुशारी सुचते. लेखापरीक्षक मग खांब किती, दिवे किती, मोजमाप कुठं, असं विचारतो. उत्तर नसलं की रक्कम वसूलपात्र ठरते आणि ती सही करणाऱ्यांच्या खिशातून जाते. फड तोवर पुढच्या गावाला पोचलेला असतो.