पाण्यातली मोटर आणि मायक्रॉनभर फट

कुठेही पाणी तुंबले की पहिली चौकशी होते ती हॉर्सपॉवरची. पंप जितका मोठा तितका उपसा लवकर, हा समज फार पक्का आहे. पण विजेची मोटर मैल्याच्या पाण्यात बुडवून ठेवायची, ती वर्षानुवर्षे फिरवायची आणि तरी तिच्या आत थेंबही शिरू द्यायचा नाही, हे कसे जमते? सबमर्सिबल सांडपाणी पंपाची सगळी करामत या कोरडेपणात आहे, आणि मला तिच्याबद्दलच सांगायचे आहे.

मुळात मोटर पाण्यात बुडवायचीच कशाला? काठावरचा पंप पाणी ओढून घेत नाही. तो पाइपातला दाब कमी करतो आणि बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे 10.3 मीटर उंचीचे पाणी तोलून धरतो. त्यामुळे काठावर कितीही ताकदवान पंप ठेवला तरी त्याहून खोलचे पाणी त्याला उचलता येत नाही. प्रत्यक्षात सहा-सात मीटरलाच त्याची दमछाक होते. पंपच पाण्यात सोडला की हवेवरचे हे अवलंबून राहणे संपते, उरते ते फक्त वर ढकलणे. पूर्वी मोटर वर कोरड्यात ठेवून लांब शाफ्टने, म्हणजे फिरत्या दांड्याने, खालचा पंप फिरवत, पण लांब शाफ्ट थरथरतो आणि बेअरिंग झिजवतो. स्वीडनमधल्या फ्लिग्ट कंपनीचे अभियंते सिक्स्टेन एंग्लेसन यांनी 1947 मध्ये पाण्यात सोडायचा उपसा पंप तयार केला, आणि त्याच कंपनीचा सांडपाण्यासाठीचा पंप 1956 मध्ये आला.

जे जोड हलत नाहीत ते बंद करणे सोपे. तिथे रबरी ओ-रिंग पुरते. केबल आत जाते तिथेही रबर आवळून काम भागते. फक्त केबलचे मोकळे टोक कधी पाण्यात पडू देऊ नये, कारण तांब्याच्या बारीक तारांमधून केशाकर्षणाने पाणी सरकत थेट मोटरीपर्यंत पोचू शकते.

खरी अडचण शाफ्टची. पाणी ढकलणारे पात्यांचे चाक म्हणजे इम्पेलर पाण्यात, मोटर कोरड्यात, आणि दोन्हींना जोडणारा शाफ्ट सतत फिरता. जुना उपाय ग्लँडचा: शाफ्टभोवती पॅकिंगची दोरी आवळायची आणि तिच्यातून थोडे थोडे पाणी गळू द्यायचे. कोरड्या पंपघरात हे चालते. पाण्याखाली ती गळती मोटरीतच उतरेल. शिवाय झिजेने शाफ्टभोवतीची फट वाढतच जाते.

मेकॅनिकल सीलने ही फटच उचलून दुसऱ्या जागी नेली. दोन कडी समोरासमोर ठेवायची. एक पंपाच्या खोळीत घट्ट, दुसरे शाफ्टबरोबर फिरणारे, आणि मागून स्प्रिंग त्यांना एकमेकांवर दाबते. आता पाण्याला आत जायचे तर दोन सपाट तोंडांच्या मधूनच जावे लागते. गोल भोकापेक्षा सपाट पृष्ठभाग कितीतरी अचूक घासता येतो, आणि तोंडे झिजली तरी स्प्रिंग त्यांना पुढे सरकवते, म्हणजे झीज आपोआप भरून निघते. इतकी साधी आणि इतकी सुंदर कल्पना यंत्रांच्या जगात क्वचित भेटते.

पण ही तोंडे खरोखरच एकमेकांना चिकटली तर? कड्याचा सरासरी व्यास 50 मिलिमीटर आणि वेग मिनिटाला 1450 फेरे धरला, तर एक तोंड दुसऱ्यावरून सेकंदाला सुमारे 3.8 मीटर घसरते. रोज सहा तास चालणाऱ्या पंपात हे अंतर वर्षाला जवळपास 30,000 किलोमीटर होते. एवढे कोरडे घर्षण कोणताही पदार्थ सोसणार नाही. म्हणून दोन तोंडांमध्ये द्रवाचा पातळ थर असावाच लागतो. त्याची जाडी असते मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास, कधी त्याहूनही कमी. सील टिकते ते या थरामुळे, आणि थर आहे म्हणजे नाममात्र पाझर आहेच. अजिबात न पाझरणारे सील काही मिनिटांत जळून जाईल.

हा थर टिकवणे म्हणजे दोन बलांचा तोल सांभाळणे. स्प्रिंग आणि बाहेरच्या पाण्याचा दाब तोंडे मिटवू पाहतात, थरातला दाब ती उघडू पाहतो. थरातला दाब बाहेरच्या काठाकडून आतल्या काठाकडे उतरत जातो, म्हणून त्याची सरासरी बाहेरच्या दाबाच्या साधारण निम्मी भरते. मिटवणारे बल फार झाले तर थर पिळून निघतो आणि तोंडे तापतात. कमी पडले तर सील उघडते. म्हणून जास्त दाबाच्या सीलमध्ये कड्याच्या मागच्या बाजूला पायरी देऊन पाण्याचा दाब झेलणारे क्षेत्रफळ मुद्दाम घटवतात. तोंडांचा सपाटपणा तर प्रकाशाने मोजतात. हेलियम दिव्याखाली तोंडावर सपाट काच ठेवली की काळे-उजळे पट्टे उमटतात, आणि एकेका पट्ट्याचा अर्थ सुमारे 0.29 मायक्रॉनचा चढउतार. चांगल्या सीलला दोन-तीन पट्ट्यांच्या आत राहावे लागते.

सांडपाण्यात वाळू असते, म्हणून खालच्या सीलची तोंडे सिलिकॉन कार्बाइडसारख्या अतिकठीण पदार्थाची असतात. तरीही एका सीलवर कोणी विसंबत नाही. वर दुसरे सील आणि दोन्हींच्या मधे तेलाचा कप्पा असतो. खालचे सील हरले तर पाणी आधी तेलात येते. तेल विजेला अडवते, पाणी मिसळले की तो विरोध घटतो, आणि कप्प्यातला संवेदक मोटर भिजण्याआधीच इशारा देतो.

आता हॉर्सपॉवरकडे येऊ. समजा सम्पमध्ये, म्हणजे पाणी साठायच्या खड्ड्यात, पंप चालू होण्याच्या आणि बंद होण्याच्या पातळ्यांमध्ये 1,800 लिटर पाणी मावते आणि पंप सेकंदाला 20 लिटर उपसतो. येणारे पाणी पंपाच्या क्षमतेच्या बरोबर निम्मे असते तेव्हा पंप सर्वांत जास्त वेळा चालू-बंद होतो. भरायला 180 सेकंद, उपसायला 180 सेकंद, म्हणजे तासाला 10 वेळा. त्याच खड्ड्यात 40 लिटरचा पंप बसवला की हा आकडा 20 वर जातो. थेट चालू होणारी मोटर सुरुवातीच्या क्षणी नेहमीच्या पाच-सहा पट विद्युतप्रवाह घेते, आणि वायंडिंगमधली, म्हणजे मोटरीतल्या तारांच्या गुंडाळीतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. पंप मोठा म्हणून लवकर जळाला, असे घडते ते यामुळे. शिवाय त्याच पाइपातून दुप्पट पाणी न्यायचे तर घर्षणाचा विरोध चौपट होतो, त्यामुळे उपसाही दुप्पट होत नाही. 'काहीही गिळणारा पंप' ही जाहिरातही मानू नये. पुसायचे ओले कागद पाण्यात विरघळत नाहीत, त्यांचे पेड वळून इम्पेलरला वेढा घालतात. व्होर्टेक्स इम्पेलर बाजूला बसून नुसता भोवरा उठवतो, त्यामुळे चिंध्या अडकण्याची शक्यता घटते. त्याची किंमत म्हणून कार्यक्षमता बरीच सोडावी लागते.

अडकलेला पंप काढायला मात्र कोणीही खड्ड्यात उतरू नये. चांगल्या बांधणीत पंप दोन उभ्या मार्गदर्शक नळ्यांवरून साखळीने वर येतो आणि परत सोडला की स्वतःच्या वजनाने पाइपाच्या तोंडाशी बसतो. खड्ड्यात माणसे दगावली की 'जागा बळी घेते' म्हणणारे भेटतात. बळी घेतो तो हायड्रोजन सल्फाइड. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे 100 भाग झाले की नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो, म्हणून पुढचा माणूस निर्धास्त उतरतो. दिवा सोडून पाहण्याची रीतही घातक आहे. या वायूचे जीवघेणे प्रमाण असतानाही दिवा जळत राहतो, आणि मिथेन साठला असेल तर स्फोट होतो.

पावसाच्या पाण्याचे गणित वेगळे. उंची थोडी, पाणी अफाट, म्हणून तिथे पंख्यासारख्या पात्यांचे पंप लावतात. त्यांचा शत्रू म्हणजे रिकामपण. महिनोन्‌महिने न फिरलेल्या सीलची तोंडे एकमेकांना धरून बसतात आणि पहिल्याच पावसात झटक्याने सुटताना त्यांना तडा जाऊ शकतो. म्हणून कोरड्या दिवसांतही असे पंप अधूनमधून सम्पमध्ये पुरेसे पाणी घेऊन थोडा वेळ चालवतात. पावसाळ्याआधी वायंडिंगचा विद्युतविरोध मोजतात आणि कप्प्यातले तेल काढून पाहतात. ते दुधाळ झाले असेल, तर खालचे सील बदलायला हवे.