तीन बोटांखालची लाट

मनगटाच्या आतल्या बाजूला, अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं ठेवा. आधी तर्जनी, मग मधलं बोट, मग अनामिका. नुसती टेकवलीत तर नाडीचा ठोका जेमतेम लागतो. थोडं दाबलंत की ठळक होतो, आणखी दाबलंत की नाहीसा. वैद्याचं निम्मं कसब या दाबातच असतं, आणि नाडी तपासणारं यंत्र बनवणाऱ्यांची निम्मी डोकेदुखीही तीच.

तर्जनीखाली वात, मधल्या बोटाखाली पित्त, अनामिकेखाली कफ ही परंपरा. शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात वाताची नाडी साप-जळवेसारखी, पित्ताची कावळ्या-बेडकासारखी आणि कफाची हंस-पारव्यासारखी चालते, असं म्हटलंय. मला ही वर्णनं फार मोलाची वाटतात. आलेख काढायची सोय नव्हती, तेव्हा लाटेचा आकार शब्दांत पकडायची ही धडपड आहे.

आलेखाची सोय फ्रान्समध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ मारे यांनी १८६०च्या सुमारास केली. त्यांचं यंत्र काजळी धरलेल्या कागदावर नाडी उमटवायचं. आपल्याकडे मुंबईची आयआयटी आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा यांतल्या संशोधकांनी २००७मध्ये ‘नाडी तरंगिणी’ मांडली. वैद्याच्या तीन बोटांच्या जागी दाब मोजणारे तीन सेन्सर.

इथे एक साधं गणित करून बघण्यासारखं आहे. हातातल्या धमनीत नाडीची लाट सेकंदाला साधारण १० मीटर धावते. (रक्त स्वतः त्याहून कितीतरी सावकाश वाहतं.) तर्जनी आणि अनामिकेत अंतर फार तर ४ सेंटिमीटर. म्हणजे दोन्हींखालच्या ठोक्यांत फरक पडतो सेकंदाच्या हजार भागांतल्या चार भागांचा. तो बोटाला कळणं अशक्यच. मग तीन बोटांना वेगवेगळं लागतं ते काय? धमनी कुठे वर असते, कुठे खोल. खाली कुठे हाड, कुठे मऊ भाग. आणि प्रत्येक बोटाचा दाब वेगळा. सेन्सर किती दाबून बसवला याची नोंद नसेल, तर सुंदर आलेखालाही अर्थ नाही.

त्याहून अवघड काम पुढचं. ‘ही पित्ताची नाडी’ हे संगणकाला शिकवणार वैद्यच. म्हणून आधी रुग्णाला पडद्याआड बसवून, एकाच सकाळी, उपाशीपोटी, दोन वैद्यांनी तोच हात स्वतंत्रपणे पाहावा. तासाभराने पुन्हा पाहावा. दोघांची उत्तरं जुळली नाहीत, तर यंत्राने शिकायचं कोणाकडून? नाडीच्या आलेखावरून आजार ओळखतो म्हणणाऱ्याकडे मी सगळ्यात आधी या चाचणीचा निकाल मागेन.