५० मेगापिक्सेलचं बटण कधी दाबायचं?

नवीन फोन घरात आला की पहिल्याच दिवशी कुणीतरी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये शिरून ५० एमपी (मेगापिक्सेल) नाहीतर २०० एमपी चालू करून ठेवतं, पैसे मोजलेत ना मग पूर्ण वापरू, असा साधा हिशोब. आणि मग महिन्याभरात स्टोरेज फुल्ल, संध्याकाळचे फोटो दाणेदार, आणि कॅमेरा भंगार आहे म्हणून बोंबाबोंब. पण फोन बनवणाऱ्यांनी ते बटण मुळात बंद ठेवून १२ एमपीवर का सोडलेलं असतं, हे कुणी बघत नाही.

त्याचं कारण सेन्सरमध्ये, म्हणजे लेन्समागे उजेड टिपणाऱ्या चिपमध्ये आहे. त्यावरच्या एकेका ठिपक्याला, म्हणजे पिक्सेलला, रंग कळत नाही, फक्त उजेड किती पडला तेवढं कळतं, म्हणून प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवी किंवा निळी काच बसवतात. निम्मे पिक्सेल हिरवे, पाव लाल, पाव निळे, ही मांडणी कोडॅकच्या ब्राइस बेयरची, पेटंट १९७६ चं. आता ५० एमपीच्या बहुतेक सेन्सरमध्ये गंमत अशी की शेजारशेजारच्या चार पिक्सेलवर एकाच रंगाची काच असते, म्हणजे रंगाच्या हिशोबाने तो १२.५ एमपीचाच सेन्सर झाला. साध्या मोडमध्ये फोन त्या चौघांचा एक करून १२ एमपीचा फोटो देतो, आणि तुम्ही ५० चालू केलं की चौघांना वेगळं करून मधले रंग अंदाजाने भरतो. २०० वाल्यात तर सोळा पिक्सेल मिळून एक होतो.

आता चार एकत्र करून मिळतं काय? उजेड हा सुटासुटा येतो, फोटॉनच्या रूपात, आणि त्याची आवक कधीच एकसारखी नसते. एका पिक्सेलवर १०० फोटॉन पडले तर त्यात १० च्या आसपास वरखाली होतंच, म्हणजे १० टक्के खोट. चौघांचे मिळून ४०० झाले तर वरखाली २०, म्हणजे ५ टक्के. दाणे निम्म्यावर आले! दुपारच्या उन्हात फोटॉन इतके पडतात की हा फरक डोळ्याला कळतही नाही, पण ऑगस्टमध्ये गोदेला पूर आलाय, पाणी दुतोंड्या मारुतीच्या (नाशिककर पूर मोजतात त्या गोदाकाठच्या मूर्तीच्या) छातीला लागलंय, आभाळ भरलंय, संध्याकाळचे सहा वाजलेत आणि सगळं नाशिक पुलावर मोबाईल काढून उभं आहे, तेव्हा ५० एमपी लावणं म्हणजे स्वतःच्या हाताने फोटो बिघडवणं. बहुतेक फोनमध्ये त्या मोडला नाइट मोड आणि एचडीआरची (उजेड-सावली दोन्ही नीट दाखवणाऱ्या सोयीची) मदतही पूर्ण मिळत नाही.

आणि लेन्सचं पण एक आहे. २०० एमपीतला पिक्सेल साधारण ०.६ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पण एफ १.८ ची, म्हणजे बऱ्यापैकी मोठ्या तोंडाची लेन्स कितीही भारी असली तरी हिरव्या उजेडाचा एक ठिपका सेन्सरवर २.४ मायक्रॉनभर पसरतोच, हा उजेडाचाच स्वभाव, कंपनी कुठलीही असो. म्हणजे एक ठिपका चार पिक्सेलच्या रुंदीत सांडला. मग त्या २०० मधले खरे किती, ते तुम्हीच ठरवा.

तरी मी म्हणत नाही की ते बटण वापरूच नका. भरपूर उजेड, समोरची वस्तू हलत नाही, आणि नंतर कापून मोठं बघायचंय, अशा वेळी ते खरंच कामाचं आहे. पांडवलेण्यात तीन नंबरच्या लेणीच्या व्हरांड्यात गौतमी बलश्रीचा, म्हणजे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, ब्राह्मी शिलालेख आहे, चांगल्या उजेडात हात टेकवून ५० एमपीवर काढा, घरी बसून एकेक अक्षर मोठं करून बघता येतं. फक्त एक लक्षात ठेवा, १२ वरून ५० म्हणजे चौपट पिक्सेल असले तरी लांबीत आणि रुंदीत फक्त दुप्पट, ४०८० चे ८१६० होतात, त्यामुळे झूम दुपटीचाच समजा.

दुसरं उदाहरण द्राक्षवाल्यांचं. पिंपळगाव, दिंडोरीकडे पानावर डाऊनी, म्हणजे केवड्याची बुरशी, दिसली की फोटो काढून सल्लागाराला व्हॉट्सॲप करायची सवयच झालीय. बरेच जण मॅक्रो मोड लावून पानाला फोन चिकटवतात, पण स्वस्त फोनमध्ये ती मॅक्रो लेन्स २ एमपीचीच असते. त्यापेक्षा मेन कॅमेरा घ्या, वीतभर मागे सरका, पान उलटं करून पांढरी बुरशी दिसेल असं धरा, बुरशीवर बोट टेकवून फोकस करा आणि २एक्सवर (दुप्पट झूमवर) काढा. पाठवताना मात्र सगळी मेहनत पाण्यात जाते, कारण साधा पाठवला तर व्हॉट्सॲप लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर आणून सोडतं, मग तो १२ एमपीचा असो की ५० चा, समोरच्याला दिसणार २ एमपीच्या आसपास. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, जसाच्या तसा जातो. सल्लागाराला भुरी (हीसुद्धा बुरशीच) की डाऊनी ते कळायला हवं ना!

४:३ ठेवायचं की १६:९, तर ४:३. सेन्सर त्याच आकाराचा असतो, १६:९ म्हणजे वरचं खालचं कापलेलं, १२ चे ९ एमपी. कापायचंच असेल तर नंतर कापा.

राहिली प्रिंट. आपला डोळा साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढं बारीक वेगळं ओळखतो. फोटो हातात धरला, फूटभर अंतरावर, तर ते होतं ०.०९ मिलिमीटर, म्हणजे इंचात तीनशेच्या जवळपास ठिपके, आणि स्टुडिओवाले ३०० डीपीआय मागतात ते इथून जुळतं. त्या हिशोबाने ४ बाय ६ च्या प्रिंटला २ एमपी पुरतात, ए४ ला पावणेनऊ. पण चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स आपण दहा मीटरवरून बघतो, तिथे तीन मिलिमीटरचा ठिपकासुद्धा कळत नाही, म्हणजे दहा फुटी फ्लेक्सला रुंदीत हजारेक पिक्सेल झाले की बास. १२ एमपीत चार हजार आहेत! तरीही भाऊंचा चेहरा फ्लेक्सवर चौकटी चौकटी दिसतो, कारण फ्लेक्सवाल्याला डीपीचा स्क्रीनशॉट कापून पाठवलेला असतो.