गॅमा सेफी: मागे घेतलेल्या ग्रहाची पार्श्वभूमी

गॅमा सेफीचा ग्रह २००३मध्ये सापडला, अशी नोंद बहुतेक याद्यांमध्ये आढळते. ती खोटी नाही, पण तिने आधीची पंधरा वर्षं झाकली जातात, आणि खरा इतिहास त्याच वर्षांत आहे.

वृषपर्वा तारकासमूहातला, सुमारे ४५ प्रकाशवर्षांवरचा हा तारा डोळ्यांना एकटा दिसतो. त्याचा जोडीदार एक लाल खुजा तारा आहे. दोघं साधारण ६७ वर्षांत एकमेकांभोवती फिरतात. सरासरी अंतर सुमारे २० खगोलीय एककं (एक एकक म्हणजे पृथ्वी ते सूर्य एवढं अंतर) असलं, तरी कक्षा इतकी लांबट की जोडीदार १२ एककांपर्यंत जवळ येतो. आपल्या सूर्यमालेत ही जागा शनी आणि युरेनस यांच्या मधली. ग्रह मुख्य ताऱ्यापासून दोन एककांवर आहे.

त्याचा शोध सुरू झाला १९८१च्या सुमारास, हवाईतल्या दुर्बिणीवर काम करणाऱ्या कॅनडाच्या एका गटाकडून. ताऱ्याचा प्रकाश हायड्रोजन फ्लुओराइड भरलेल्या नळीतून न्यायचा आणि वर्णपटातल्या वायूच्या रेषांशी ताडून ताऱ्याचा वेग मोजायचा, ही त्यांची पद्धत. वायू जीवघेणा, नळी १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून ठेवावी लागे आणि निरीक्षणांच्या प्रत्येक फेरीनंतर पुन्हा भरावी लागे. एवढ्या खटाटोपातून सेकंदाला सुमारे १३ मीटरची अचूकता मिळाली. जोडीदाराच्या ओढीमुळे होणारा बदल सेकंदाला किलोमीटरच्या घरातला. तो वजा केल्यावर सुमारे २५ मीटरचा एक हेलकावा उरला, २.७ वर्षांचा. १९८८मध्ये गटाने लिहिलं: तिसरा पिंड असण्याची शक्यता आहे. त्या वेळी सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा एकही ग्रह मान्य झालेला नव्हता.

१९९२मध्ये त्याच गटाने दावा मागे घेतला. या माघारीला आज अनेकजण घाबरटपणा म्हणतात. मला ते अन्यायाचं वाटतं. तारा तेव्हा राक्षसी, म्हणजे उतारवयात फुगलेल्या ताऱ्यांच्या वर्गात मोडला जाई, आणि तशा ताऱ्यांचे वेग स्वतःहून बदलतात हे नुकतंच दिसू लागलं होतं. त्यात कॅल्शियमच्या एका रेषेची तीव्रताही साधारण अडीच वर्षांच्या आवर्तनात बदलताना दिसली. म्हणजे ताऱ्याचं स्वतःभोवती फिरणं आणि पृष्ठभागावरची हालचाल एवढ्यानेही हेलकाव्याचा उलगडा होत होता. भरीस भर म्हणजे जोडीदार नेमका १९९१च्या आसपास सर्वांत जवळ होता. त्याच्या ओढीमुळे ताऱ्याचा वेग झपाट्याने बदलत होता आणि जोडीदाराची कक्षा नीट माहीत नसल्याने वजाबाकीवर पूर्ण भरवसा ठेवता येत नव्हता. हातातल्या पुराव्यावर निर्णय रास्त होता. चूक मुख्यतः ताऱ्याच्या वर्गात होती. हा तारा राक्षसी अवस्थेच्या उंबरठ्यावरचा आहे, पुरता राक्षसी नाही.

नंतर १९९५मध्ये ५१ पेगासी या सूर्यासारख्या ताऱ्याचा ग्रह जाहीर झाला आणि पहिलेपणाचा मान तिकडे गेला. २००३मध्ये टेक्सासमधली निरीक्षणं जुन्या नोंदींना जोडली, तेव्हा १९८१ ते २००२ असा सलग पट हाती आला. सुमारे ९०६ दिवसांचं आवर्तन, तेवढाच जोर, तीच लय. पृष्ठभागावरचे डाग दोन दशकं असे एका ठेक्यात टिकत नाहीत. डागांमुळे बदलला असता तो वर्णपटातल्या रेषांचा आकारही बदलत नव्हता. ग्रह मान्य झाला. जोडीदाराची थेट प्रतिमा त्यानंतरची, २००७मध्ये प्रसिद्ध झालेली.

आता वाद वस्तुमानाचा आहे. वेगाच्या मोजणीतून फक्त किमान आकडा मिळतो, तो गुरूच्या सुमारे १.७ पट. हबल दुर्बिणीने ताऱ्याचं आकाशातलं डुलणं मोजल्यावर २०१८मध्ये ९.४ पट आकडा आला. कक्षा आपल्याला जवळजवळ समोरून दिसते, म्हणून ताऱ्याच्या हालचालीचा थोडाच भाग वेगाच्या मोजणीत उतरतो, असा त्याचा अर्थ. असं असेल तर ग्रहनिर्मितीच्या प्रतिमानांना ते जड जाईल. जोडीदाराने मूळ धुळीची तबकडी चारेक एककांपाशीच छाटली असणार, आणि एवढ्याशा तबकडीत नऊ गुरूंइतका ऐवज कसा जमला, हे प्रतिमानांना दाखवावं लागेल.