भरती-ओहोटीची वीज

समुद्राच्या पाण्याची पातळी भरतीला चढते आणि ओहोटीला उतरते. या चढउतारातून मिळवलेली वीज. खाडीच्या तोंडावर बांध घालून भरतीचे पाणी दरवाज्यांतून आत घ्यायचे, दरवाजे बंद करायचे आणि बाहेर ओहोटी पुरती लागली की आतले पाणी टर्बाइनवरून सोडायचे, ही तिची जुनी पद्धत. सातारा जिल्ह्याला समुद्र नाही. तरी पाटण तालुक्यातल्या लोकांना हे नवखे वाटायचे कारण नाही, कोयनेच्या जलविद्युत प्रकल्पाचेच तत्त्व आहे. फरक उंचीचा.

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचे पाणी बोगद्यातून पोफळीच्या वीजगृहात उतरते ते सुमारे 475 मीटर. गच्चीवरची हजार लिटरची टाकी इतक्या उंचीवरून रिकामी केली, तर त्या पाण्यात जवळजवळ 1.3 युनिट ऊर्जा असते. पाच मीटर उंचीवरून तेवढी ऊर्जा हवी तर अशा 95 टाक्या लागतील. शिवाय खाडी रिकामी होते तशी ही उंचीही घटत जाते. भरती-ओहोटीच्या पातळीतले अंतर निम्मे झाले की पाणीही निम्मे आणि उंचीही निम्मी, म्हणून एका फेरीची ऊर्जा चौथाईवर येते. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराची भांगाची (कमी चढउताराची) भरती यांच्या विजेत म्हणूनच एवढी तफावत.

कोयनेची यंत्रे संध्याकाळी मागणी वाढली की चालू करता येतात. भरती मात्र रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा येते, मग ती रात्री दोनची का असेना. पण तिची वेळ पंचांगासारखी वर्षभर आधी सांगता येते. चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्यांना ते भाग्य नाही.

फ्रान्समध्ये रान्स नदीच्या मुखावर 1966 पासून 240 मेगावॉटचे केंद्र आहे. दक्षिण कोरियातले सिहवा (2011) 254 मेगावॉटचे. सिहवाचा बांध आधीच होता. आत कोंडलेले पाणी घाण झाले म्हणून समुद्र पुन्हा आत घेण्याची वेळ आली, आणि त्यातच वीज साधली.

भारतात खंभातच्या आखातात 7,000 आणि कच्छच्या आखातात 1,200 मेगावॉट क्षमतेचे अंदाज आहेत, केंद्र मात्र उभे राहिलेले नाही. बांधाचा खर्च, गाळ आणि खारे पाणी तिन्ही आडवे येतात. कोकणात तर भरतीच खंभातपेक्षा बरीच बुटकी. पोफळी आणि कोळकेवाडीच्या वीजगृहांत वीज देऊन झालेले कोयनेचे पाणी वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीत पोचते. तिथे उधाणालाही समुद्राचे पाणी काही मीटरच चढते.