सॅक्सन नायिका, नॉर्मन नवरा: या कादंबऱ्यांमागचा इतिहास

१०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंडवर स्वारी करून राजा हॅरॉल्डला हरवले. ती लढाई इथे पुन्हा लढत नाही. हेस्टिंग्ज, हॅरॉल्डच्या डोळ्यातला बाण, नाताळच्या दिवशी विल्यमचा राज्याभिषेक हे त्या काळावरच्या प्रेमकथा-कादंबऱ्यांच्या वाचकाला पाठ असते. कथानकही पाठ असते. बाप रणात पडलेला, मुलगी वाड्याची वारस, दारात नॉर्मन सरदार, राजाच्या हुकमाने लग्न आणि शेवटच्या पन्नास पानांत प्रेम. यातले त्या काळाचे काय आणि मागाहून चिकटवलेले काय, एवढेच पाहायचे आहे.

घोळ नावापासूनच सुरू होतो. ज्यांना कादंबऱ्या 'सॅक्सन' म्हणतात ते स्वतःला इंग्लिश म्हणवत, आणि आलेल्यांना फ्रेंच. विल्यमने लंडनकरांना दिलेल्या चार ओळींच्या सनदेत 'फ्रेंच आणि इंग्लिश' नागरिकांना सलाम आहे. या स्वारीची चित्रकथा सांगणाऱ्या बायूच्या भरतकामातही, जिथे माणसे-घोडे एकमेकांवर कोसळताना दिसतात, तिथे वर लॅटिनमध्ये 'इंग्लिश आणि फ्रेंच एकत्र पडले' असेच टाकले आहे. विल्यमच्या फौजेत ब्रिटनी आणि फ्लँडर्सची माणसे पुष्कळ होती, त्यामुळे 'फ्रेंच' हाच शब्द नेमका. सरसकट सगळ्या इंग्रजांना सॅक्सन म्हणत ते शेजारचे वेल्श आणि गेलिक बोलणारे. स्कॉटलंडात इंग्रजाला अजून 'सॅसनॅक' म्हणतात, आणि ही सॅक्सन-नॉर्मन जोडी घरोघर पोचवणारा कादंबरीकार वॉल्टर स्कॉट हाही स्कॉटिशच होता.

त्याच्या आधीच्या शतकांत मात्र उलटाच प्रकार दिसतो. 'रोमान्स' म्हणजे मुळात लॅटिनऐवजी बोलीतल्या फ्रेंचमध्ये रचलेली गोष्ट. बाराव्या-तेराव्या शतकात इंग्लंडातल्या बड्या घराण्यांसमोर अशा गोष्टी वाचल्या जात, आणि त्यांतले हॉर्न, हॅव्हलॉक, वॉरिकचा गाय (Guy) हे वीर स्वारीपूर्व काळातले. जिंकणाऱ्यांच्या नातवंडा-पतवंडांनी हरलेल्यांचे पूर्वज आपलेसे केले, तेही फ्रेंचमध्ये. दोन जमातींचे वैर त्यात नाही. ११७० च्या दशकाच्या अखेरीस शाही खजिन्यातला एक अधिकारी लिहितो की, सोयरिकी इतक्या झाल्या आहेत की स्वतंत्र माणसांत इंग्लिश कोण आणि नॉर्मन कोण हे आता सांगणे कठीण. प्रश्न त्याच्या कामाचा होता. अज्ञात मारेकऱ्याने मारलेल्याचे प्रेत सापडले आणि मृत इंग्लिश असल्याचे सिद्ध झाले नाही, तर तो नॉर्मन धरून सगळ्या परगण्याला दंड बसे. तो दंड रद्द झाला १३४० मध्ये.

वैर परत आले ते सतराव्या शतकाच्या राजकारणातून. १६४९ साली पडीक जमीन खणून पेरणाऱ्या गरिबांनी जमीनदारीला 'नॉर्मन जोखड' म्हटले. त्याच कल्पनेवर १८१९ च्या डिसेंबरात स्कॉटची 'आयव्हॅन्हो' उभी राहिली. तिचा काळ ११९४, म्हणजे खजिन्यातल्या त्या गृहस्थाने हात टेकल्यानंतरची पंधराएक वर्षे. तरी तिच्यात दोन्ही बाजू कालच लढाई झाल्यासारख्या एकमेकांकडे पाहतात. तिच्यातल्या सॅक्सन सरदाराचे सेड्रिक हे नावसुद्धा लेखकाने 'सेर्डिक' या जुन्या नावातली अक्षरे उलटीसुलटी करून घडवले. पुढे खऱ्याखुऱ्या मुलांची नावे तशी ठेवली गेली.

आता ज्या गोष्टीला खरा पाया आहे ती पाहू: मठात लपलेली वारसदारीण. स्वारीनंतर अनेक इंग्लिश बायका-मुली अब्रूच्या भीतीने मठात शिरल्या आणि डोक्यावर ननचे वस्त्र घेऊन राहिल्या. धोका टळल्यावर त्यांचे काय? विल्यमच्या काळच्या आर्चबिशपने, म्हणजे इंग्लंडातल्या चर्चच्या प्रमुखाने, निकाल दिला की, जी देवाच्या ओढीने नव्हे तर फ्रेंचांच्या भीतीने आली तिला बाहेर पडता येईल.

त्याच्यानंतरचा आर्चबिशप अॅन्सेल्म. त्याच्यापुढे अशी दोन प्रकरणे आली आणि निकाल दोन तऱ्हेचे लागले. पहिले हॅरॉल्डच्या मुलीचे, गनहिल्डचे. ती विल्टनच्या मठातून रिचमंडच्या ब्रेटन सरदाराबरोबर निघून गेली. तिने नन होण्याची रीतसर शपथ घेतली नव्हती. पण अॅन्सेल्मने पत्रे लिहून परत ये म्हणून सांगितले, आणि तो सरदार वारल्यावर तर असे लिहिले की, जा, आता त्याच्या थडग्यात त्याच्या शेजारी नीज, त्याचे उघडे पडलेले दात चूम. एवढी वर्षे मठाचे वस्त्र अंगावर राहिले, ते सगळ्यांनी पाहिले, हेच त्याच्या मते व्रत.

दुसरे प्रकरण ११०० सालचे. विल्यमचा मुलगा पहिला हेन्री ५ ऑगस्टला गादीवर बसला आणि त्याला ईडिथ हवी होती. बाप स्कॉटलंडचा राजा, आई जुन्या इंग्लिश राजघराण्यातली. तीही मठातच वाढलेली, तीही ते वस्त्र घातलेली दिसली होती. तिची साक्ष तिच्या काळच्या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. मठातली मावशी नॉर्मनांच्या वासनेपासून वाचवायला डोक्यावर काळे फडके घाली, काढले की थोबाडीत मारून ताडताड बोले. मावशीसमोर ही थरथरत ते घेऊन राही, आणि ती नजरेआड झाली की जमिनीवर टाकून पायाखाली तुडवी. एकदा बापाने पाहिले, तर त्याने ते ओढून फाडून टाकले. चौकशीला दोन आर्चडीकन (बिशपच्या हाताखालचे अधिकारी) विल्टनला गेले, धर्मसभा भरली, अॅन्सेल्म बाजूला झाला, आणि सभेने जुन्या निकालाचा आधार घेऊन मुलीला मोकळे केले. ११ नोव्हेंबरला लग्न लागले. नॉर्मन दरबारी नवराबायकोला पाठीमागे 'गॉड्रिक आणि गॉडगिफू' म्हणत, म्हणजे गावठी इंग्लिश नावांनी चिडवत.

दोन्ही मुलींच्या अंगावर वस्त्र, दोघींचीही शपथ झालेली नाही. एकीच्या मागे राजा उभा होता, दुसरीच्या मागे मेलेला सरदार. सभेने नियम पाळला असे अॅन्सेल्मचे पाठीराखे सांगतात, पण कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले की तो युक्तिवाद लंगडा पडतो. कादंबऱ्यांत मात्र हा भाग दीड पानात उरकतो: मठाची वरिष्ठ दार उघडते, नायक तिला घोड्यावर घेतो. साक्षी, चौकशी, मावशीची चापट हे सगळे वाया.

'राजाच्या हुकमाने लग्न' यालाही पाया आहे, पण तो लढाईच्या मैदानात नसून हिशेबाच्या वहीत आहे. लष्करी चाकरीच्या बदल्यात जमीन धरणारा वारला, की त्याच्या वारस मुलीचे लग्न ठरवण्याचा हक्क राजाचा, आणि तो विकता येई. ११८५ ची एक नोंदवही राजाच्या हातातल्या विधवा आणि अनाथ मुला-मुलींची आहे, बारा जिल्ह्यांची. बाईचे वय, मुले किती, जमिनीचे उत्पन्न, गुरेमेंढरे किती आणि वाढवता आली तर किती, असे रकाने भरावेत तसे लिहिले आहे. ११३० च्या हिशेबात चेस्टरची काउंटेस ल्यूसी राजाला ५०० मार्क देणे लागते, ते पाच वर्षे नवरा करायला न लावण्याबद्दल. मार्क म्हणजे १३ शिलिंग ४ पेन्स, तेव्हा रक्कम झाली ३३३ पौंड ६ शिलिंग ८ पेन्स. याउलट 'पहिल्या रात्रीचा हक्क', ज्यावर निम्म्या कादंबऱ्या चालतात, त्याचा इंग्लिश कायद्यात मागमूस नाही. कूळ मुलीचे लग्न लावताना धन्याला पैसे भरत असे, तेवढेच.

आजचा साचा १९७० च्या दशकातला. १९७२ साली अमेरिकेत थेट पेपरबॅकमध्ये निघालेल्या एका जाड ऐतिहासिक प्रेमकथेने बाजार उघडला. त्याच लेखिकेची १९७४ ची कादंबरी हेस्टिंग्जनंतरच्या इंग्लंडात घडते, आणि तिच्या सॅक्सन नायिकेचे नाव चक्क आयरिश आहे. त्या पिढीत नायकाची जबरदस्ती प्रेमाची पहिली पायरी म्हणून खपून जाई. पुढच्या लेखिकांनी ते बदलले, पण साचा तोच ठेवला. एड्गिथ, गॉडगिफू, वुल्फगिफू ही खरी नावे कव्हरवर चालत नाहीत, हे प्रकाशकांचे म्हणणे समजण्यासारखे आहे.

चुका ठरलेल्या जागी होतात. १०६७ मध्ये दगडी बुरुज दाखवतात, तेव्हाचे बहुतेक किल्ले म्हणजे मातीचा उभा ढिगारा, वर लाकडी मनोरा, खाली कुंपणाचे आवार. नायिका चरख्यावर सूत कातते, पण चरखा युरोपात पोचला तेराव्या शतकात, तिच्या हातात टकळी हवी. भिंतीतली शेकोटी नको, दिवाणखान्याच्या मधोमध चूल आणि धूर छपरातून बाहेर. ढालीवर घराण्याचे चिन्हही नको, ती पद्धत बाराव्या शतकाच्या मध्याची. अंगावर पोलादी पत्र्याचे चिलखत तर नकोच, गुडघ्यापर्यंत कड्यांचा अंगरखा आणि नाकावर पट्टी आलेले शिरस्त्राण.

सगळ्यात जास्त फसतात संवाद. 'दाउ' आणि 'यू' म्हणजे आपले 'तू' आणि 'तुम्ही', असे धरून लेखिका नायिकेला सरदाराशी आदराने बोलायला लावतात आणि रागावली की एकेरीवर आणतात. जुन्या इंग्रजीत हा भेद निव्वळ संख्येचा होता. एका माणसाला एकवचन, मग तो डुकरे राखणारा असो की राजा. आदरार्थी बहुवचन फ्रेंच वळणाने आले, तेही तेराव्या शतकात. मराठीत अशी कादंबरी आणताना नायिकेने त्याला 'अहो' म्हणावे की 'अरे', हा प्रश्न पहिल्याच प्रकरणात येतो. १०६७ च्या हिशेबाने 'अरे' बरोबर.